नांगराआधीचे अन्न आणि त्यागाची कसोटी

धान्य वर्ज्य करणारे लोक तीन प्रकारचे असतात. काहींना ते सोसत नाही. गहू पोटात गेला की त्यांच्या आतड्याला इजा होते. काही जण ते व्रत म्हणून सोडतात. एकादशी, ऋषिपंचमी आणि जुन्या काळचा वानप्रस्थाश्रम ही त्याची उदाहरणे. गेल्या पन्नास वर्षांत यात तिसऱ्या वर्गाची भर पडली आहे. शेती सुरू होण्यापूर्वी माणूस जे खात होता तेच त्याचे खरे अन्न, अशी या वर्गाची धारणा आहे आणि त्यांच्या आहारपद्धतीला पॅलिओ आहार म्हणतात.

खजूर, खोबरे आणि बदाम कुटून वळलेला लाडू या तिघांनाही चालतो. त्यात गहू नाही, म्हणून रुग्णाला तो निर्धोक. त्यात धान्य नाही, म्हणून तो एकादशीला ग्राह्य. फळ, बी आणि कठीण कवचाचा मेवा यांपलीकडे त्यात काही नाही, म्हणून पॅलिओ पाळणाऱ्यालाही तो मान्य. पदार्थ एकच, त्याग मात्र तीन. त्यागाचे मोल सोडलेल्या वस्तूत असते, सोडण्याच्या कारणात असते की सोडणाऱ्याच्या मनात असते, हा धर्मविचारातला जुना प्रश्न येथे नव्याने उभा राहतो. गोडाच्या बाबतीत तो अधिक स्पष्ट होतो. भाकरी-पोळी माणूस भुकेपोटी खातो. गोड तो आवडीने खातो किंवा सणाला खातो. म्हणून कोणताही अन्नत्याग कशासाठी आहे हे त्यातल्या गोडावरून चांगले कळते.

आजाराचे पथ्य

गहू, जव आणि राय या धान्यांतल्या प्रथिनसमूहाला ग्लुटेन म्हणतात. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी त्याची दोन अंगे असतात. पिठात पाणी घालून मळले की ती एकमेकांत गुंतून लवचीक जाळे तयार होते. पुरणपोळीची कणीक सैल भिजवून, तेलाचा हात लावून तिंबतात आणि मुरत ठेवतात ती हे जाळे नीट तयार व्हावे म्हणून. त्यामुळेच पारीच्या दुप्पट पुरण भरले तरी पोळी फुटत नाही. खानदेशातले मांडे हातावर फिरवून ताणतात, तेही याच गुणामुळे शक्य होते.

सिलिॲक हा आजार असलेल्यांना हेच प्रथिन बाधते. त्यांच्या शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा ग्लुटेनला विरोध करताना लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. अस्तराचे सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि अन्नरस शोषला जात नाही. जगात सुमारे १ टक्का लोकांना हा आजार असावा असा अंदाज आहे. त्याचे कारण गव्हात आहे हे विल्लेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई होती आणि पाव मिळेनासा झाला होता. त्या काळात हा आजार असलेली मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांचा संशय आधीपासूनच गव्हावर होता. या अनुभवाने तो बळावला आणि १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला. त्याआधी, १९२४ पासून, अमेरिकेत सिडनी हास यांचा केळ्यांचा आहार प्रचलित होता. त्याने मुले सुधारत, पण गुण केळ्यांचा मानला जाई. खरा उपाय गहू न खाण्यात होता.

या पथ्यात तडजोड नाही. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असलेल्या पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणता येत नाही. भारतातही हीच मर्यादा आहे. मराठी स्वयंपाकघरात हे पथ्य पाळताना धोका अनपेक्षित जागी असतो. बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, त्यामुळे चिमूटभर हिंग घातलेली आमटी रुग्णाला चालत नाही. ज्या चक्कीवर गहू दळला जातो तिच्यावरच तांदूळ किंवा ज्वारी दळली तर आधीचे पीठ त्यात मिसळते. म्हणून अशा घरात तांदूळ, ज्वारी वेगळ्या चक्कीवर दळून आणतात किंवा घरी वेगळे जाते ठेवतात.

धर्मदृष्ट्या पाहिले तर हे पथ्य पुण्याचे नाही आणि ते मोडण्यात पापही नाही. रुग्ण काही त्यागत नाही. त्याला पर्यायच नसतो. त्याच्यासाठी ग्लुटेनमुक्त गोड करणे ही चैन नव्हे. सणाच्या दिवशी त्याच्या पानात इतरांसारखेच काही पडावे, एवढाच त्या गोडाचा अर्थ. त्याच्या बाबतीत धर्माचा प्रश्न त्याला वाढणाऱ्यांपुढे असतो.

पॅलिओ आहाराची मांडणी

पुराश्मयुगीन आहाराची कल्पना आधुनिक काळात प्रथम ठळकपणे मांडली ती वॉल्टर वोग्टलिन या अमेरिकी पोटविकारतज्ज्ञाने, १९७५ च्या पुस्तकात. १९८५ मध्ये एस. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लेख लिहून तिला वैद्यकीय चर्चेत स्थान मिळवून दिले. लॉरेन कॉर्डेन यांच्या २००२ च्या ‘द पॅलिओ डाएट’ या पुस्तकामुळे ती घरोघरी पोचली.

तिचा युक्तिवाद सरळ आहे. माणसाचे शरीर लाखो वर्षांच्या शिकारी आणि वेचक जीवनात घडले. शेतीला जेमतेम दहा-बारा हजार वर्षे झाली. एवढ्या थोड्या काळात शरीर बदलले नाही, म्हणून शेतीने आणलेले अन्न त्याला मानवत नाही. त्यावरून नियम ठरतात. मांस, मासे, अंडी, भाज्या, कंदमुळे, फळे, बदाम-अक्रोडासारखा मेवा आणि बिया चालतात. गहू, तांदूळ, मका अशी सारी धान्ये, डाळी आणि कडधान्ये, दूध आणि दुधाचे पदार्थ, साखर, फार मीठ आणि कारखान्यात प्रक्रिया झालेले अन्न वर्ज्य. शेंगदाणा वनस्पतिशास्त्राप्रमाणे कडधान्याच्या कुळातला, म्हणून तोही वर्ज्य. बटाट्याविषयी या पंथात मतभेद आहेत. ग्लुटेनमुक्त आहार आणि पॅलिओ आहार यांत मोठे अंतर आहे ते येथे दिसते: तांदळाची खीर, बेसनाचा लाडू आणि तिळगूळ यांत ग्लुटेन नाही, तरी पॅलिओच्या नियमात त्यांपैकी एकही बसत नाही.

या मांडणीतले काही उघडच हिताचे आहे. साखर, मैदा आणि पाकीटबंद खाणे कमी झाले की बहुतेकांना बरे वाटते. लहान गटांवर झालेल्या अल्पकाळच्या अभ्यासांत वजन आणि रक्तशर्करा घटल्याचे आढळले आहे. मात्र दीर्घकाळचा पुरावा तुटपुंजा आहे आणि दूध पूर्ण सोडल्याने कॅल्शियम कमी पडण्याची भीती राहते.

तिचा इतिहासविषयक पाया मात्र कच्चा आहे. इस्रायलमधील ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी जव आणि गहू गोळा करून खाल्ल्याचे अवशेष सापडले. जॉर्डनमधील शुबायका येथे सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे मिळाले. तो काळ शेतीच्या सुमारे ४,००० वर्षे आधीचा आहे. निअँडरथल माणसाच्या दातांवरच्या किटणात शिजवलेल्या पिष्टाचे कण आढळले आहेत. शरीर बदलले नाही हेही खरे नाही. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता काही मानवगटांत पशुपालन सुरू झाल्यानंतरच पसरली. जीवशास्त्रज्ञ मार्लीन झुक यांनी २०१३ च्या ‘पॅलिओफँटसी’ या पुस्तकात याच मुद्द्यांवर या विचाराची कठोर तपासणी केली. पुराश्मयुगात एकच एक आहार नव्हताच. बर्फाळ प्रदेशातला माणूस आणि विषुववृत्ताजवळचा माणूस यांची पाने सारखी असणे शक्य नव्हते.

यातला तात्त्विक प्रश्न पुराव्यापलीकडे जातो. एखादी गोष्ट आधीची आहे, एवढ्यावरून ती योग्य ठरते काय? आरंभी सर्व शुद्ध होते आणि नंतर बिघडत गेले, ही कल्पना अनेक धर्मांत आहे. कृतयुगापासून कलियुगापर्यंतचा ऱ्हास आणि एदेन बागेतून झालेली हकालपट्टी ही तिची परिचित रूपे. बायबलच्या कथेत तर शेतीचे कष्ट आणि घाम गाळून मिळवलेली भाकर हीच माणसाला शिक्षा म्हणून मिळते. पॅलिओ विचारात देव नाही, पण हा आराखडा जसाच्या तसा आहे: आधी निर्दोष आहार, मग नांगराचा प्रमाद, मग रोग, आणि शेवटी मूळ अन्नाकडे परतून सुटका. त्यामुळे विज्ञानाच्या भाषेत बोलणाऱ्या या आहाराला अनेकांच्या आयुष्यात व्रताचे स्थान मिळते.

अकृष्ट अन्न: धर्मशास्त्राची बाजू

नांगरलेल्या जमिनीतले अन्न न खाण्याचा विचार भारतात फार जुना आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला नांगरटीतून आलेले काहीही खाण्याची मनाई आहे, मग ते कोणी टाकून दिलेले का असेना. गावात उगवलेली कंदमुळे आणि फळेसुद्धा त्याने अडचणीतही खायची नाहीत. आपोआप उगवणारे नीवार म्हणजे देवभात, तसेच रानातली फुले, मुळे आणि फळे हे त्याचे अन्न.

वरवर पाहता हा पॅलिओ आहारच वाटतो. पण त्याच अध्यायात मध, मांस आणि जमिनीवर उगवणारी अळिंबी हीही वर्ज्य सांगितली आहेत, आणि पॅलिओ आहारात ही तिन्ही आदराची आहेत. दोन नियमांचे हेतू वेगळे आहेत म्हणून हा फरक पडतो. वानप्रस्थाने अन्न किती साठवावे याचीही मनुस्मृती चर्चा करते: एका दिवसापुरते, महिन्यापुरते, सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे. धान्य साठवता येते, हा त्याचा मोठा गुण. त्यातूनच कोठार, मालकी, देणेघेणे आणि गाव उभे राहिले. नांगराचे अन्न सोडणे म्हणजे हा सारा व्यवहार सोडणे. दुसरे कारण अहिंसेचे. दहाव्या अध्यायात लोखंडी फाळ जमिनीला आणि जमिनीतल्या जिवांना इजा करतो असे म्हणून शेतीला दोष दिला आहे. आपल्या शरीराला काय मानवते हा वानप्रस्थाचा प्रश्नच नव्हता. आपल्या जेवणासाठी किती जीव राबतात आणि मरतात, हा त्याचा प्रश्न होता.

याच विचाराचा घरगुती अवशेष म्हणजे ऋषिपंचमी. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रात बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा रिवाज आहे. परसात किंवा बांधावर हाताने लावलेले तेवढे चालते. अळूची पाने आणि देठी, सुरण, लाल भोपळा, पडवळ, दोडका, माठ, मक्याच्या कणसाचे तुकडे यांची एकत्र शिजवलेली ऋषीची भाजी त्या दिवशी होते. पुष्कळ घरांत तिला फोडणीही देत नाहीत. छत्तीसगडमध्ये कमरछठच्या दिवशी याच कारणाने न नांगरता उगवणाऱ्या पसहर तांदळाचा भात करतात. ऋषिपंचमीच्या व्रतकथेत रजस्वलेच्या विटाळाचे प्रायश्चित्त आहे आणि ती बाजू आजच्या विचाराला मान्य होण्यासारखी नाही. पण वर्षभर जो राबला त्या बैलाच्या श्रमावर एक दिवस हक्क सांगायचा नाही, हा त्यातला भाव जपण्यासारखा आहे.

नियम हेतूवर अवलंबून असतात हे जैन आचारावरूनही कळते. रताळे एकादशीला चालते आणि पॅलिओमध्येही चालते. जैन परंपरेत मात्र कंदमूळ वर्ज्य, कारण एका कंदात अनंत जीव वसतात अशी तिची धारणा. उलट गहू जैन पानात निर्दोष ठरतो. चीनमधील ताओ परंपरेत पाच धान्ये वर्ज्य करण्याची साधना होती. माणसाच्या देहात आयुष्य कुरतडणारे तीन कृमी असतात आणि ते धान्यावर पोसले जातात, अशी त्यामागची कल्पना. इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद केलेल्या मावांगदुई येथील थडग्यात या साधनेवरचा ग्रंथ रेशमावर लिहिलेला सापडला. चौथ्या शतकातील ताओ लेखक गे हाँग याने मात्र बजावले होते की नुसते धान्य सोडल्याने धान्याचा खर्च वाचतो, दीर्घायुष्य मिळत नाही. धान्यत्यागाला फळ मानणाऱ्या परंपरेच्या आतूनच हा इशारा आला, म्हणून त्याचे मोल अधिक.

गोडाची घडण

ग्लुटेनशिवाय गोड करायचे म्हणजे जाळ्याचे काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यायचे. उकडीच्या मोदकात ते काम तांदळाचे पिष्ट करते. पाण्याला उकळी आणून त्यात मीठ आणि लोणी किंवा तूप घालतात, मग तांदळाची पिठी वैरून ढवळतात आणि झाकण ठेवून वाफ आणतात. उष्णतेने पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. ही उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळावी लागते. गार झाली की तिला भेगा जातात आणि कळ्या पाडताना पारी फाटते. अनारसे, पातोळ्या, खांडवी, गोव्यातले दोदोल हे सगळे तांदळाचे पदार्थ याच वर्गातले. गोव्याचीच बेबिंका मात्र मैद्याची, म्हणून ती यातून वगळावी लागते.

पॅलिओच्या गोडात तांदूळही नसतो. तेथे बदामाचे किंवा नारळाचे पीठ वापरतात, बांधणीसाठी अंडे किंवा पिकलेले केळे, आणि गोडीसाठी खजूर किंवा थोडा मध. नारळाचे पीठ पाणी फार शोषते, म्हणून त्याला अंडी जास्त लागतात. मधाला या आहारात जागा आहे ती ऐतिहासिक आधाराने: स्पेनमधील आराना गुहेत आणि मध्य प्रदेशातील पचमढीच्या शैलाश्रयांत मध काढणाऱ्या माणसांची चित्रे आहेत. पण चित्रातला माणूस माशांचे डंख सोसत कड्यावर चढलेला आहे. गोड त्याच्या वाट्याला क्वचित आणि कष्टाने येत असे. बरणीतला मध रोज चमच्याने घेता येतो. पदार्थ जुना राहिला तरी त्याची दुर्मिळता गेली, आणि शरीराच्या दृष्टीने दुर्मिळता हाच त्या जुन्या गोडाचा मुख्य गुण होता.

उपवासाच्या गोडाची गोष्टही अशीच आहे. साबुदाण्याची खीर, रताळ्याचे काप, शिंगाड्याचा शिरा, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की हे आज एकादशीचे पदार्थ. त्यांपैकी शिंगाडा येथला. आजचा साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो आणि कसावा, रताळे, शेंगदाणा, बटाटा हे सारे अमेरिका खंडातून सोळाव्या शतकानंतर आलेले. व्रताच्या जुन्या याद्यांत त्यांची नावे नव्हती, म्हणून निषेधही नव्हता. त्या मोकळ्या जागेत ते सामावले. वरई मात्र वनस्पतिशास्त्राप्रमाणे तृणधान्यच असून महाराष्ट्रात ती उपवासाला चालते. उपवासाची यादी वनस्पतिशास्त्रावर बेतलेली नाही. परंपरेने घडवलेला तो संकेत आहे.

राजगिऱ्याचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. मेक्सिकोतील अॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मध किंवा घायपाताचा गोड रस मिसळून देवांच्या मूर्ती घडवत. वित्झिलोपोच्त्ली या देवाची अशी मूर्ती सणाला मोडून तिचे तुकडे लोक प्रसादासारखे खात. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या ख्रिस्ती धर्मगुरूने त्याचे वर्णन लिहून ठेवले. स्पॅनिश सत्तेने मूर्तिपूजा म्हणून ही प्रथा मोडून काढली. आज मेक्सिकोत फुलवलेल्या राजगिऱ्याची आणि मधाची किंवा कच्च्या साखरेची वडी रस्त्यावर विकली जाते. महाराष्ट्रात तोच राजगिरा गुळाच्या पाकात वळून उपवासाला खातात. एकाच बीला एका देशात देवाचे शरीर मानले गेले, नंतर तेथेच तिच्यापासून केलेला प्रसाद निषिद्ध ठरला आणि दुसऱ्या देशात तीच बी व्रताचे अन्न झाली. पावित्र्य बियाण्यात नसते, माणसे ते त्याला देतात, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

वस्तू की वासना

उपनिषदांनी अन्न आणि मन यांचा संबंध गंभीरपणे घेतला. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस काही न खाता फक्त पाणी पिऊन राहायला सांगतो. सोळाव्या दिवशी वेद म्हणून दाखव म्हटल्यावर श्वेतकेतूला काहीच आठवत नाही. मग तो जेवतो आणि सारे पुन्हा स्फुरते. अन्नाचा अतिसूक्ष्म अंश मन होतो, हा त्यातला सिद्धान्त. तैत्तिरीय उपनिषदात भृगूला झालेले पहिले ज्ञान अन्न हे ब्रह्म असे आहे आणि अन्नाची निंदा करू नये हे तेथे व्रत म्हणून सांगितले आहे. धान्याला विष म्हणणाऱ्या कोणत्याही आहारपंथाने या व्रताचा विचार करावा. आजारी माणसाने गहू टाळणे ही निंदा नव्हे. ज्या धान्याने कोट्यवधींना जगवले त्याला सरसकट दूषण देणे ही मात्र कृतघ्नता आहे.

आहार शुद्ध असला की चित्त शुद्ध होते, असे छांदोग्याचा सातवा अध्याय म्हणतो. आहार म्हणजे काय, यावर आचार्यांत मतभेद झाला. शंकराचार्यांनी इंद्रियांनी आत घेतले जाते ते सारे आहार मानले. राग, द्वेष, मोह यांपासून मोकळे झालेले विषयग्रहण ही त्यांच्या मते आहारशुद्धी. रामानुजाचार्यांनी प्रत्यक्ष अन्न धरले आणि त्याचे तीन दोष सांगितले: पदार्थाचा स्वतःचा, ज्याच्याकडून आला त्याचा, आणि केस-धूळ पडल्यासारखा बाहेरून लागलेला. पहिला आणि तिसरा दोष सिलिॲकच्या रुग्णाला रोज सांभाळावा लागतो. दुसऱ्या दोषाचा समाजात फार गैरवापर झाला. कोणाच्या हातचे खायचे नाही, या नियमाने माणसे पंगतीतून उठवली गेली. अन्नशुद्धीचा कोणताही विचार माणसांना वर-खाली लावू लागला की तो धर्म राहत नाही.

गीतेने हा प्रश्न वासनेपर्यंत नेला. दुसऱ्या अध्यायात ती सांगते की निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात पण त्यांची गोडी उरते. ती गोडी परमतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. तिसऱ्या अध्यायात हातपाय आवरून मनाने विषय चघळणाऱ्याला ती मिथ्याचारी म्हणते. साखरेऐवजी मध, मैद्याऐवजी बदाम आणि पोळीऐवजी शिंगाड्याचा शिरा घेऊन जीभ पूर्वीइतकीच सुखावत असेल, तर सुटला तो पदार्थ. वासना आपल्या जागी आहे. पण गीता दुसऱ्या टोकालाही जात नाही. सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही असे म्हटले आहे. सतराव्यात सात्त्विक अन्नाच्या लक्षणांत रसाळपणा आणि स्निग्धपणा आहे, तर देहाला पीडा देणाऱ्या तपाला आसुरी ठरवले आहे. म्हणजे गोडाला तिचा विरोध नाही. गोड माणसावर सत्ता चालवते की माणूस गोडावर, एवढेच ती विचारते.

पंगतीचा प्रश्न

धर्माचे अन्न बहुधा सामुदायिक असते आणि तेथे ग्लुटेनचा प्रश्न खरी कसोटी पाहतो. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार मिस्साविधीतली भाकर गव्हाचीच असली पाहिजे. सिलिॲकच्या रुग्णांचे काय, यावर रोमने २००३ मध्ये परिपत्रक काढले आणि २०१७ मध्ये तेच पुन्हा सांगितले: पूर्ण ग्लुटेनमुक्त भाकर ग्राह्य नाही, अत्यल्प ग्लुटेनची, पण भाकर व्हावी इतके ग्लुटेन असलेली चालते, ज्याला तेही सोसत नाही त्याने केवळ द्राक्षारस घेतला तरी त्याचे ग्रहण पूर्ण मानले जाते. ज्यू परंपरेत वल्हांडणाच्या पहिल्या रात्री खायची बेखमीर भाकर गहू, जव, राय, स्पेल्ट आणि ओट या पाच धान्यांपैकीच हवी. रुग्णासाठी ओटची भाकर हा मार्ग निघाला. त्याच सणाला खमिराची बंदी असल्याने बदामाचे पीठ, अंडी आणि बटाट्याचे पिष्ट यांचे केक ज्यू घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजात एलिया प्रेषिताच्या नावाने होणारा मलिदा भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि सुका मेवा यांचा असतो. तो गव्हाविना असल्याने त्याच्या वाटपात ही अडचण येत नाही.

या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. पदार्थाचे स्वरूप परंपरेने ठरवले आहे, आणि तरीही आजारी माणूस बाहेर राहू नये म्हणून परंपरेने स्वतःच वाट शोधली आहे. हिंदू नैवेद्याला एकाच धान्याचे बंधन नसल्याने ही वाट अधिक सोपी आहे. होळीला पुरणपोळीबरोबर तांदळाच्या उकडीत पुरण भरून केलेले कडबू चालू शकतात; सत्यनारायणाच्या प्रसादात रव्याऐवजी वरई किंवा तांदळाचा रवा घेता येतो. यात देवाचे काही उणे होत नाही आणि प्रसाद घेणाऱ्या प्रत्येकाला तो निर्भयपणे घेता येतो.

तीन त्यागांना तीन कसोट्या लावाव्या लागतात. आजाराच्या पथ्याची कसोटी काटेकोरपणा आहे आणि त्या रुग्णाला वाढणाऱ्यांची कसोटी काळजी. पॅलिओ आहाराची कसोटी पुरावा आहे. त्यातले हितकर घ्यावे, पण प्राचीनतेला प्रमाण मानू नये. व्रताची कसोटी वासना आणि परोपकार यांवर आहे: व्रताने हाव कमी झाली काय, आणि अन्नामागे राबणाऱ्या जिवांची जाणीव वाढली काय. ज्याला ज्या कारणाने त्याग करायचा त्याने तेच कारण प्रामाणिकपणे सांगावे. आरोग्यासाठी धान्य सोडणाऱ्याने त्याला तप म्हणू नये, आणि व्रत करणाऱ्याने उपवासाच्या पदार्थांची लांबलचक यादी पुरी केली म्हणजे व्रत झाले असे समजू नये. अन्न निवडणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्या निवडीमुळे कोणी पंगतीबाहेर राहू नये, ही जबाबदारी मात्र सर्वांची आहे.